सकाळी सव्वासात, संध्याकाळी सव्वासहा

मी धनुष्याच्या दोऱ्या बांधतो, पण वडील मुलीला घेऊन माझ्याकडे आले ते दोरीसाठी नव्हे. त्यांना आर्मगार्ड, म्हणजे दोरीच्या मारापासून हात वाचवणारा पट्टा, लांब करून हवा होता. "कोपरापर्यंत येईल असं काहीतरी चामड्याचं करून द्या ना भाऊ. पोरीचा हात बघवत नाही."

हात खरंच बघवत नव्हता. डाव्या मनगटापासून वर, आतल्या अंगाला, चार बोटं लांबीचा जांभळा पट्टा. त्याच्या कडा पिवळ्या पडत चाललेल्या, म्हणजे जुन्या माराच्या जागेवरच नवा मार बसत होता. मुलगी नववीत, दीड वर्षापासून तिरंदाजीतला इंडियन राउंड खेळते. बांबूचं धनुष्य, साइट म्हणजे नेम धरायचं साधन नाही, 30 आणि 50 मीटर. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात, जगज्जेते झाले, त्यानंतर आमच्या नाशिकच्या या भागातही मैदानावर पोरं वाढली. सुरुवात बहुतेकांची बांबूवरच होते, कारण परवडतं तेच.

"सर म्हणतात, माझं कोपर आत वळतं," मुलगी म्हणाली. तीन आठवडे ती कोपर बाहेर फिरवायचा सराव करत होती. घरी भिंतीला हात टेकवून शंभर-शंभर वेळा.

मी एकच प्रश्न विचारला. मार कधी बसतो?

"शेवटी शेवटी, काका. पहिल्या तीन-चार एंडला काहीच होत नाही." एंड म्हणजे बाणांची एक फेरी.

थकलं की कोपर वळतं, असं याचं उत्तर देता येतं. सरांनी तेच दिलं होतं, आणि ते वेडगळ नाही. पण मी आयुष्य टूलरूममध्ये, कारखान्यात हत्यारं आणि साचे घडवतात तिथे, काढलंय. सकाळी बरोबर आणि दुपारी चूक देणारा जॉब समोर आला की ऑपरेटरच्या आधी गेज तपासायचं, ही सवय जात नाही. मी म्हटलं, आर्मगार्ड नंतर बघू, उद्या धनुष्य घेऊन ये. ताणलेलं नको, उतरवलेलं आण.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो. तिने पहिला बाण मारण्याआधी धनुष्य चढवलं आणि मी गुण्या लावून दोरीपासून मुठीच्या सगळ्यात खोल जागेपर्यंतचं अंतर मोजलं. याला मैदानावर सगळे ब्रेस हाइट म्हणतात. जुनी माणसं मुठीवर अंगठा उभा करून मोजत, तेच हे. भरलं 7¼ इंच. चांगलं. मग तिला म्हटलं, तू नेहमीसारखी खेळ, मी बसतो. 72 बाण झाले. शेवटच्या एंडला 'टप्प' असा आवाज आला आणि तिने ओठ दाबले. लगेच गुण्या लावला. 6¼.

एक इंच. तीन तासांत.

आता इथे थोडं गणित. 66 इंची सरळ धनुष्यावर दोरी जेवढी लांबते त्याच्या साधारण दीडपटीहून थोडी जास्त ब्रेस हाइट उतरते. म्हणजे दोरी फक्त 0.6 इंचाने लांबली होती. 62½ इंचात 0.6. डोळ्याला हे कधीच दिसणार नाही. पण ब्रेस हाइट उतरली की दोरी हाताच्या जवळ येऊन थांबते, आणि सुटल्यावर थरथरताना मनगटावर घासते. कोपर थोडंसं जरी आत असेल तरी मग मार चुकत नाही. बाणही उभ्या रेषेत पसरत होते. पहिल्या एंडचे पिवळ्यात म्हणजे मधोमध, शेवटचे वर-खाली लाल-निळ्यात. त्याचं कारणही 'थकवा' म्हणूनच लिहिलं गेलं होतं.

तरी दोरीवर लगेच ठपका ठेवला नाही. बांबूची पाती, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाजू, दमली असतील तरी ब्रेस हाइट उतरते, आणि पावसाळ्यात जुलै महिन्यात ते अशक्य नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली. तिच्या धनुष्यावर माझ्या कपाटातली एक जुनी, खात्रीची दोरी लावली. लांबी थोडी कमी होती, तरी मोजायला चालली. 72 बाणांत फरक 1 मिलिमीटरपेक्षा कमी. तिची दोरी माझ्या एका बांबूवर लावली आणि नुसती ताणून ठेवली. दोन तासांत ब्रेस हाइट 9 मिलिमीटर उतरली, एकही बाण न मारता. धनुष्य निर्दोष सुटलं, दोरी अडकली.

दोरीवर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर पेनाने 'डेक्रॉन, 12 पेड' असं लिहिलेलं. पेड मोजले, बारा होते. एवढं तरी खरं होतं. डेक्रॉन म्हणजे ड्यूपाँने पॉलिएस्टरला दिलेलं व्यापारी नाव, आणि बांबूच्या, लाकडाच्या धनुष्याला आजही तेच योग्य. थोडी लवचीक, म्हणून पात्याच्या टोकाला झटका कमी बसतो. हल्लीचे डायनीमासारखे धागे वेगवान आहेत, पण ताणच खात नाहीत. टोकं बळकट केलेली नसतील तर बांबूच्या खाचेत घुसतात, कधी टोक चिरतं. डेक्रॉन लांबते, पण थोडी, आणि मग स्थिरावते. ही स्थिरावायला तयार नव्हती. रात्री उतरवून ठेवली की बरीचशी आखडायची, सकाळी पुन्हा सव्वासात.

मला नायलॉनचा संशय होता. सह्याद्रीत क्लाइंबिंग करणाऱ्यांची दोरी नायलॉनची असते ती याच गुणासाठी. माणूस पडला की दोरी लांबून झटका पिते. जो गुण तिथे जीव वाचवतो तो इथे मनगट सोलतो. शिवाय नायलॉन पाणी पितो. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत तो वजनाच्या सुमारे 4 टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी काय सुरू झालं होतं? पाऊस. दोरी मार्चमध्ये घेतलेली. उन्हाळ्यात तिने फारसा त्रास दिला नव्हता, हेही मुलीला विचारल्यावर आठवलं.

संशय खरा करायला आधी धागा जाळून बघितला. पॉलिएस्टर काळा धूर सोडतं, नायलॉन फारसा नाही. पण दोरीला मेण फासलेलं, धूर निघाला तो मेणाचा, आणि मी वास घेत बसलो मूर्खासारखा. मग मिठाचं पाणी केलं.

हे कोणीही घरी करू शकतं, म्हणून नीट सांगतो. पेलाभर कोमट पाण्यात मीठ ढवळत राहायचं, तळाशी विरघळेनासं झालं की थांबायचं. शंभर मिलिलिटरला साधारण 35 ग्रॅम जातं. अशा पाण्याची घनता साध्या पाण्याच्या 1.2 पट होते. नायलॉनची 1.14, पॉलिएस्टरची 1.38. म्हणजे साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, पण खाऱ्या पाण्यात नायलॉन तरंगतो आणि पॉलिएस्टर तळ गाठतं. मेण मात्र आधी काढलं पाहिजे, ते स्वतःच तरंगतं. मी दोरीच्या आतल्या पेडातून बोटभर धागा काढला, गरम पाण्यात कपड्याच्या पावडरने दोनदा धुतला, बारीक तुकडे केले. सोबत दोन साक्षीदार ठेवले. एक मासे धरायची तंगूस, ती नायलॉनची याची खात्री होती. दुसरा शिलाईचा पॉलिएस्टर दोरा. प्रत्येक तुकडा बोटांनी पाण्याखाली दाबून त्यातली हवा काढायची, नाहीतर बुडबुडेच त्याला वर धरून ठेवतात.

शिलाईचा दोरा हळूहळू खाली जाऊन बसला. तंगूस वर आली. तिच्या शेजारी 'डेक्रॉन' वर आली. मुलगी ओट्याला हनुवटी टेकून बघत होती. म्हणाली, "म्हणजे माझं कोपर?"

तेही थोडं वळतंच, मी म्हटलं. पण आधी हे.

कोणी विकली, कोणी बांधली, यात मी शिरलो नाही. कदाचित बांधणाऱ्यालाही रीळ 'डेक्रॉन' म्हणूनच मिळालं असेल. मेण लावलेला पांढरा धागा हातात घेतला की दोन्ही सारखेच लागतात.

दोरीची आणखी एक गोष्ट अदलाबदलीच्या वेळीच दिसली होती, आणि ती मला जास्त भिववणारी होती. खालच्या फाशाला, म्हणजे धनुष्याच्या टोकात अडकणाऱ्या कड्याला, आतून दोन पेड तुटलेले. त्या फाशावर संरक्षक दोऱ्याचे वेढेच नव्हते, उघडे धागे सरळ बांबूच्या खाचेत बसत. खाचेत नख फिरवलं तर कड करवतीने कापल्यासारखीच होती, कोणी कानस फिरवलेलीच नाही. बांबूची साल कठीण आणि धारदार असते. ऊस सोलताना बोट कापतं, तसलाच प्रकार. शतपथ ब्राह्मणात एक कथा आहे. विष्णू ताणलेल्या धनुष्याच्या टोकावर डोकं टेकून उभा असतो. मुंग्या दोरी कुरतडतात, दोरी तुटते, धनुष्याची टोकं उसळतात आणि त्याचं डोकं उडतं. लहानपणी ऐकली तेव्हा गंमत वाटली होती. फाशातले दोन पेड तुटलेले बघितल्यावर वाटत नाही. बाण सोडण्याच्या क्षणी दोरी तुटली तर बाणात जायची सगळी ताकद पात्यांत राहते. बांबू तिथेच फुटू शकतो, आणि बारा इंचांवर मुलीचा चेहरा.

म्हणून दोरीच्या आधी खाच दुरुस्त केली. 4 मिलिमीटरची गोल कानस, मग जुन्या पेन्सिलीला गुंडाळलेला 400 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी कापसाचा बोळा फिरवून बघितला. कुठेही तंतू अडकला नाही की झालं. 15 मिनिटांचं काम.

आता दोरी. 28 पौंडांचं धनुष्य, पण तो आकडा 28 इंच खेचलं तर. ती 25 इंच खेचते, म्हणजे बोटांवर साधारण 22-23 पौंड. 25 ते 35 पौंडांना डेक्रॉनचे 10 पेड हा सगळीकडे चालणारा हिशोब. एक पेड सुमारे 50 पौंडांना तुटतो, म्हणजे दहांचे 500. ताकद भरपूर आहे. दोरी क्वचितच ताकद कमी म्हणून तुटते, ती घासून तुटते. पेडांची संख्या खरं तर बाणाच्या नॉकमध्ये, म्हणजे शेपटाच्या खाचेत, दोरी कशी बसते यावर ठरते, हे मला समजायला फार वर्षं लागली.

दोरी बांधायचा माझा जिग, म्हणजे साचा, हा एक चौकोनी पाइप, दोन्ही टोकांना फिरणारी एक-एक पट्टी, पट्टीवर दोन-दोन एम-10 बोल्ट. बोल्टचे आटे घासून गुळगुळीत केलेले, ही महत्त्वाची गोष्ट. चारही बोल्ट एका ओळीत ठेवायचे आणि बाहेरच्या दोन बोल्टांभोवती धागा पाच वेळा फिरवायचा. पाच फेऱ्या म्हणजे दहा पेड. प्रत्येक फेरीला ताण सारखा हवा. एक जरी पेड सैल राहिला तर भार नऊच उचलतात आणि दहावा नुसता वजन म्हणून मिरवतो. मग एका टोकाची पट्टी आडवी करायची. आता त्या दोन बोल्टांमध्ये जो धाग्यांचा पट्टा ताणलेला दिसतो तो होणार फास. त्यावर तीन-साडेतीन इंच वेढे द्यायचे, पट्टी पुन्हा सरळ करायची, पण वेढ्यांची दोन टोकं शेजारी-शेजारी न आणता अर्धा-पाऊण सेंटिमीटर मागे-पुढे. टोकं एकाच जागी आली तर तिथे गाठीसारखी पायरी होते आणि दोरी नेमकी त्या पायरीवर वाकते. मग दोन्ही बाजू एकत्र धरून चार इंच बांधत आणायच्या. वरचा फास मोठा, कारण दोरी उतरवली की तो पात्यावर सरकतो. खालचा लहान आणि घट्ट.

पहिली दोरी दोन तासांत झाली. छान दिसत होती. आणि बिघडली, माझ्याच चुकीने.

झालं असं. जिगवर 62½ इंच धरलं, पण डेक्रॉन पहिल्या दिवशी बसते तेवढी सूट धरली नाही. धनुष्यावर चढवून 30 बाण मारले तर ब्रेस हाइट 6½. घाबरण्यासारखं नव्हतं. अशा वेळी दोरीला पीळ देऊन आखूड करतात, सगळेच करतात. 20 पीळ होते, आणखी 20 दिले. इथे एक गंमत आहे. पहिले 20 पीळ दोरीला फार आखूड करत नाहीत, जेमतेम अष्टमांश इंच. पुढचे 20 मात्र त्याच्या जवळजवळ तिप्पट काम करतात, कारण आखूडपणा पिळांच्या वर्गाने वाढतो. 40 पिळांना सव्वासात बरोबर आलं. मुलगी खूश, मीही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दारात. "काका, दोरी उसवली."

मधल्या सर्विंगच्या, म्हणजे बाण लागतो तिथे दोरीवर गुंडाळलेल्या दोऱ्याच्या, वेढ्यांमध्ये फटी पडल्या होत्या. काळ्या दोऱ्याच्या आड पिवळी डेक्रॉन दिसत होती आणि बोटाने ढकललं तर अख्खी सर्विंग पाव इंच खाली सरकली. सर्विंग सरकली म्हणजे तिच्यावर बांधलेला नॉकिंग पॉइंट, बाण लावायच्या जागेची खूण, सरकला, म्हणजे बाण रोज वेगळ्या जागी लागणार. मी दोरी उजेडात धरली आणि पाचच सेकंदांत चूक दिसली. वेढे उजव्या आट्याचे, पीळ डाव्या आट्याचा.

ज्याने आयुष्यभर आटे पाडले त्याने हे करावं! कारण साधं आहे. दोरी पिळली की तिच्या अंगावरच्या वेढ्यांनाही तेवढेच फेरे मिळतात. दिशा एक असेल तर वेढे आणखी आवळतात. उलटी असेल तर तेवढेच सुटतात. जिगवर वेढे देताना दोरीला पीळ नसतो, म्हणून तेव्हा काही कळत नाही. आणि दोरी उतरवून हातात गोल फिरवताना कुठली बाजू वर होती ते माणूस विसरतो. आता मी वरच्या फाशाच्या मुळाशी लाल दोऱ्याचा एक वेढा देतो आणि त्याच वेळी, तोंडाने मोठ्याने, 'लाल वर, घड्याळासारखं' असं म्हणतो. बायको हसते.

दुसरी दोरी केली तेव्हा घाई केली नाही. जिगवर 62¼ धरलं. फास झाले, 20 पीळ दिले, बरोबर दिशेने, आणि मधली सर्विंग न करताच दोरी गच्चीच्या हुकाला टांगली. बांबूचं धनुष्य रात्रभर चढवून ठेवायचं नसतं, पाती वाकलेलीच राहतात. म्हणून स्थिरावायचं काम धनुष्यावर नाही, वजनावर. खालच्या फाशात लोखंडी सळई, सळईला पाण्याचे 20 लिटरचे दोन जार. रिकाम्या जारांसकट सुमारे 42 किलो. दोरी प्रमाणित लांबीवर मोजतात तेव्हा 100 पौंडांचा ताण देतात, म्हणजे 45 किलो, त्याच्या जवळपास. शेजारच्या हुकाला, निव्वळ खुन्नस म्हणून, ती जुनी नायलॉनचीही टांगली, पण एकाच जारावर. ती सकाळपर्यंत सहा मिलिमीटरहून जास्त लांबली होती. नव्या डेक्रॉनने पहिल्या तासात तीन मिलिमीटर घेतले आणि मग रात्रभर काही नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यायात दोऱ्यांचे पदार्थ मोजून दिलेत: मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु, स्नायू. मूर्वा म्हणजे ती वनस्पती जिच्यावरून प्रत्यंचेला, धनुष्याच्या दोरीला, 'मौर्वी' नाव पडलं. अर्क म्हणजे आपली रुई, बांधावर वाढते तीच, तिच्या सालीचा धागा विलक्षण चिवट. वेणु म्हणजे बांबू, आणि हे वाचून मला आधी लेखनिकाची चूक वाटली होती. बांबूचं धनुष्य ठीक, बांबूची दोरी कशी? मग नंदुरबारकडचा एक भिल्ली तिरकमठा हातात घेऊन बघितला. त्याला दोरी नव्हतीच, बांबूची सोललेली चपटी कामटी होती आणि टोकांना बांधून घेतलेले फास. ती लांबत नाही. वाकते, पण लांबत नाही. आपण चार पैसे टाकून जे रिळात विकत घेतो ते त्या माणसाच्या कुंपणात उगवतं. स्नायूची दोरी मात्र ओलीत सैल पडते, म्हणजे पावसाळ्यातला हा घोळ नवा नाही.

असो. आता फिनिशिंग. दोरी चांगली की वाईट हे माझ्या मते इथे ठरतं, आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात.

आधी मेण. मधमाशीचं मेण आणि थोडी राळ एकत्र वितळवलेली वडी. राळ नसेल तर पेड एकमेकांना नीट चिकटून राहत नाहीत. दोरीवर वडी फिरवायची, मग डेक्रॉनचाच एक सुटा धागा दोरीभोवती एकदा गुंडाळून वरून खालपर्यंत ओढत न्यायचा. जास्तीचं मेण पापुद्र्यासारखं निघून येतं आणि चपटी दोरी गोल होते. त्यानंतर चामड्याचा तुकडा दुमडून दोरी त्यात धरायची आणि जोरात घासायची. तळहाताला चटका जाणवला पाहिजे. मेण तेव्हा वितळून आत शिरतं. वरवर फासलेलं मेण नुसतं पावडर होऊन गळतं.

मग मधली सर्विंग. ही मी धनुष्य चढवून, दोरी ताणात असताना करतो, जिगवर नाही. बाण लागतो त्या जागेच्या अडीच इंच वरून सुरू आणि साडेपाच इंच खाली, म्हणजे आर्मगार्डला दोरी जिथे टेकते तो भागही झाकला जातो. सुरुवातीला दोऱ्याचं टोक दोरीवर आडवं ठेवून त्याच्यावरूनच दहा-बारा वेढे घ्यायचे, टोक आत गाडलं जातं. वेढ्याला वेढा चिकटून. सर्विंग टूलचा स्क्रू इतका घट्ट की टूल हाताने फिरवताना दोरी किंचित वळायला बघते, त्यापुढे नाही. फार घट्ट वेढ्यांनी दोरी काठीसारखी होते.

शेवट असा. टूल सोडून द्यायचं, दोऱ्याचा हातभर फास मोकळा ठेवायचा आणि दोन इंच पुढून मागे येत दोरीभोवती बारा वेढे आतल्या बाजूने द्यायचे. टोक सर्विंगच्या अंगावर आडवं. आता तो फास पुन्हा फिरवत न्यायचा. पुढचे बारा वेढे एक-एक करून उलगडतात आणि इकडे टोकाच्या अंगावर एक-एक करून बसतात. बारावा बसला की टोक पक्कडीने ओढायचं. फास लहान होत होत सरपटत आत जातो आणि गडप होतो. गाठ कुठेच नाही. मुलीने हे तीनदा करायला लावलं. उरलेलं टोक लायटरने जाळू नका, धारदार ब्लेडने सपाट कापा. जाळताना झालेला मणी खालच्या पेडांना कापतो, आणि ज्योत चुकली तर काय होतं ते सांगायला नको.

सर्विंगवर बाणाचा नॉक बसवून बघायचा. बाण दोरीला लटकवला, दोरीवर बोटाने टिचकी मारली, तर तो पडला पाहिजे. नुसता लटकवल्यावर पडता कामा नये. जुन्या दोरीवर तो एका टिचकीने पडत नव्हता, दोन-तीन टिचक्यांनी पडायचा. बारा पेड, वर जाड सर्विंग. सुटताना प्रत्येक बाण दोरीला जरासा धरून ठेवत होता. हे मला पहिल्या दिवशी बघायला हवं होतं, बघितलं नाही. नॉकिंग पॉइंट काटकोनापासून दहा मिलिमीटर वर, पितळी क्लिप नाही, दोऱ्याचीच गुंडाळी. क्लिप हलकी सर्विंग कापते आणि बोटांनाही बोचते.

नव्या दोरीवर पहिल्या दिवशी 72 बाणांनंतर 7¼ वरून 7⅛. रात्री दोन पीळ दिले. त्यानंतर महिनाभर तिने स्वतः, शाळेच्या पट्टीने, सुरुवातीला आणि शेवटी मोजून वहीत लिहिलं. श्रावणातल्या भिजक्या दिवसांतही फरक कधी 2 मिलिमीटरच्या वर गेला नाही. हातावरचा पट्टा आधी हिरवा, मग पिवळा, मग गेला. शेवटच्या एंडचे बाण पहिल्या एंडएवढे जवळ आले असं मी म्हणणार नाही. थकवा खरा असतोच. पण उभी पसरण गेली, आडवी राहिली, आणि आडवी पसरण तिची स्वतःची आहे. सरांचंही अर्धं बरोबर होतं, कोपर आत वळतंच. फक्त आता दोरी तिथपर्यंत पोचत नाही.

सरांना मी काही बोललो नव्हतो. मुलीने सांगितलं असणार, मिठाच्या पाण्यासकट. गणपतीच्या आधल्या आठवड्यात तिने एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली. आत सात दोऱ्या, प्रत्येकीला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर 'डेक्रॉन'. वर चिठ्ठी: 'या पण बघा.'

सातपैकी चार तरंगल्या.